दिवे बंद करून लाईटबिल कमी होत नाही, आधी गिझरकडे बघा

आमच्याकडे रोज संध्याकाळी एक कार्यक्रम असतो. सासूबाई या खोलीतून त्या खोलीत जातात आणि जाताना मागचा दिवा बंद करत जातात, कधी कधी आत माणूस बसलेला असताना. वर "पैसे काय झाडाला लागतात का" हे ठरलेलं वाक्य. बोलायची सोय नाही, कारण मुद्दा तत्त्वाचा आहे आणि तत्त्व बरोबरच आहे. फक्त हिशोब चुकतो, आणि तो किती चुकतो हे मला २०२५ च्या जानेवारीत कळलं.

त्या महिन्याचं बिल ३१२ युनिटचं आलं, पैशात पावणेचार हजारांच्या आसपास. आम्ही नाशिकला राहतो, जानेवारीत इथे एसीचा प्रश्नच नाही, पंखे बंद (सासूबाईंचा सोडून, त्यांना थंडीतही वाऱ्याशिवाय झोप येत नाही), कूलर माळ्यावर, आणि तरी बिल उन्हाळ्याच्या तोडीचं. नवरा म्हणाला मीटर पळतोय, तक्रार करू. मुलगा म्हणाला शेजाऱ्यांनी आपल्यावरून वायर घेतलीय. मी म्हटलं थांबा, आधी मोजू, तक्रार काय कधीही करता येते.

मोजायचं म्हणजे आधी युनिट काय ते कळायला पाहिजे, आणि खरं सांगते, इतकी वर्षं बिल भरून मला ते धड माहीत नव्हतं. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बस, एवढंच आहे. इस्त्री हजार वॅटची, तासभर सलग तापली तर एक युनिट. गिझर दोन हजार वॅटचा, म्हणजे अर्ध्या तासात एक युनिट. आणि एलईडी ट्यूब २० वॅटची, तिला एक युनिट जाळायला ५० तास लागतात. हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण आमच्या घरातल्या निम्म्या भांडणांचा निकाल त्यातच आहे. एक ट्यूब रोज तीन तास उगाच चालू राहिली तर महिन्याला पावणेदोन युनिट, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. वाया घालवा असं नाही म्हणत, पण पावणेचार हजारांतले पंचवीस.

आता मीटर. हल्लीच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि बाजूला बारीक अक्षरात ३२०० इम्प असं काहीतरी लिहिलेलं असतं (कुठे १६०० असतं, आपापलं बघा). याचा अर्थ तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. म्हणजे तो दिवा हे फुकटचं मोजायचं यंत्र आहे आणि ते प्रत्येकाच्या जिन्याखाली लावलेलं आहे. एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि साधारण १९ ने गुणा, झाले वॅट. (१६०० वाला असेल तर ३८ ने गुणा.) मी रविवारी दुपारी जिन्यात उभी राहिले, मोबाईलवर टायमर लावला आणि मुलीला वर उभं करून ओरडून सांगत गेले, आता हे चालू कर, आता ते बंद कर. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या.

सगळं बंद, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला, तरी दिवा पन्नास-एक सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. मुलगा लगेच "बघ, म्हटलं होतं ना". पण मग लक्षात आलं, टीव्ही बंद होता तरी सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर चालूच होते. ते काढले, दिवा थांबला. शेजारी निर्दोष सुटले. हीच परीक्षा तुम्हीही करा, मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर मात्र खरंच काहीतरी गडबड आहे, वायरिंगमध्ये लिकेज किंवा दुसऱ्या कोणाची लाईन, तेव्हा इलेक्ट्रिशियन बोलवा आणि मीटर तपासायचा अर्ज द्या.

आता ते दोन डबे मिळून बावीस वॅट. ऐकायला काहीच नाही, पण ते चोवीस तास तीस दिवस चालतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ १६ युनिट. उगाच चालू राहिलेल्या ट्यूबच्या नऊपट. सासूबाई ज्या टीव्हीसमोर बसून "दिवा बंद कर" म्हणायच्या त्याच टीव्हीखाली हा चोर बसलेला. रात्री बॉक्सचं बटण बंद करायची सवय लावली, सकाळी चालू व्हायला दोन मिनिटं घेतो आणि त्या दोन मिनिटांत सासूबाईंची भजनं चुकतात अशी तक्रार आहे, पण चालतंय.

मग गिझर लावला, आणि दिवा मोजताच येईना. सेकंदाला जवळजवळ दोनदा. नुसतं बघूनच नवरा गप्प झाला.

पुढचे चार दिवस मी सकाळी अंघोळी सुरू व्हायच्या आधी आणि सगळ्या आटोपल्यावर रीडिंगचे फोटो काढले. दिवसाचे सगळे मिळून १०.४ युनिट, त्यातले साडेपाच एकट्या गिझरचे. निम्म्याहून जास्त! राहिलेल्यांत फ्रिज दीडेक युनिट (हे नंतर गावाला दोन दिवस गेलो तेव्हा फ्रिज सोडून सगळं बंद करून बघितलं), आणि दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, सासूबाईंचा पंखा हे सगळं मिळून साडेतीन.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. वीज उजेड द्यायला, वारा घालायला, मोबाईल चार्ज करायला फार कमी लागते. वीज लागते ती तापवायला, आणि त्याखालोखाल गार करायला. पाणी हा तर तापवायला भलताच हट्टी पदार्थ आहे. एक युनिट विजेत ८६ लिटर पाणी फक्त १० डिग्रीने तापतं, त्याहून जास्त नाही, आणि हे निसर्गाचं ठरलेलं आहे, कंपनी कुठलीही घ्या. २० लिटरची बादली, नळाचं पाणी १८ डिग्री, अंघोळीला ४० डिग्री पाहिजे, हिशोब केला तर अर्धा युनिट. म्हणजे एक बादली अर्धा युनिट, हे पाठच करून टाका. पाच माणसं पाच बादल्या, अडीच युनिट. मग आमचे साडेपाच कसे?

शॉवर. मुलगा कॉलेजात जायला लागल्यापासून बादलीने अंघोळ करणं त्याला कमीपणाचं वाटतं. शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी सोडतो, हा नऊ-दहा मिनिटं उभा, म्हणजे ६० लिटर, तीन बादल्या, दीड युनिट. मुलगी त्याच्यापेक्षा थोडी कमी, नवरा केस नसतानाही तेवढाच. वर बाईंना भांडी घासायला गरम पाणी, ते स्वयंपाकघरातल्या नळाला येईपर्यंत पाईपमधलं दीड-दोन लिटर गार पाणी सोडून द्यायचं, आणि नळ बंद केला की तेवढंच तापलेलं पाणी पाईपमध्ये अडकून गार व्हायचं. दिवसातून पाच-सहा वेळा.

आणि आता पैशांकडे, कारण इथे बहुतेक लोकांचा घोटाळा असतो. आपल्या बिलात स्लॅब असतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. महावितरणचे २०२४-२५ चे दर असे होते, पहिल्या शंभराला युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे, पुढे १० रुपये २९ पैसे, मग १४ रुपये ५५ पैसे आणि पाचशेच्या वर १६ रुपये ६४ पैसे. हा झाला वीज आकार. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज तुमच्यापर्यंत आणायचं भाडं. मग स्थिर आकार, जो तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी लागतो. मग कधी इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते सरकारचं. दर बदलत राहतात, पुढच्या वर्षीचे वेगळे, मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटाचे अजून वेगळे, गोव्यात सरकारी वीज खातं आहे आणि दर आपल्यापेक्षा बरेच कमी. तेव्हा आकडे आपल्या बिलावरचे घ्या, पद्धत मात्र हीच.

या पद्धतीतला एक गैरसमज इतका पसरलेला आहे की आमच्या बिल्डिंगमध्ये लोक महिनाअखेरीला ३०० च्या आत राहायला धडपडतात, कारण म्हणे ३०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. नाही लागत. पहिली शंभर युनिटं सगळ्यांनाच स्वस्तात, ५०० वापरणाऱ्यालाही. ३०१ वं युनिट महाग, ते एकटंच महाग. इन्कम टॅक्ससारखं आहे हे. दिल्लीत मात्र २०० युनिटपर्यंत बिल माफ अशी योजना आहे, तिथे २०१ ला खरंच उडी बसते, बहुतेक तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकून हे इकडे आलं असावं.

पण याची दुसरी बाजू कामाची आहे. तुम्ही वाचवता ते नेहमी वरचं युनिट, सगळ्यात महागडं. शुल्कबिल्क धरून बघा, पहिल्या शंभरातलं युनिट सात रुपयांच्या आत, दुसऱ्या स्लॅबमधलं १३ रुपये ३० पैसे, तिसऱ्यातलं १८ च्या वर. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून "मला सरासरी बारा रुपये पडतात" असा हिशोब करू नका, तुमचं शेवटचं युनिट कुठल्या स्लॅबमध्ये आहे ते बघा. आमच्या पोराची शॉवरची अंघोळ दीड युनिट, म्हणजे वीस रुपये. रोजची. मी हे त्याला सांगितलं तर म्हणाला चहापेक्षा जास्त नाही ना. महिन्याला सहाशे म्हटल्यावर जरा चेहरा बदलला.

मध्येच एक, कारण "दरवर्षी दर का वाढवतात" हे सगळेच विचारतात. दर कंपनी स्वतःच्या मनाने ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, सुनावण्या वगैरे होऊन. पहिल्या शंभर युनिटांचा दर मुद्दाम खर्चापेक्षा कमी ठेवतात, शेतीपंपांचाही, आणि तो खड्डा वरच्या स्लॅबवाल्यांकडून आणि कारखाने-दुकानांकडून भरून काढतात. कोळसा महागला किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागली की तो फरक मधल्यामधे इंधन समायोजन आकार म्हणून बिलात येतो, म्हणून तुमचा वापर तेवढाच असून एखाद्या महिन्यात बिल फुगतं. आणि एप्रिल-मेच्या सुमारास वेगळं एक बिल येतं ते सुरक्षा ठेवीचं, वर्षभराच्या वापराच्या सरासरीवर दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव पाहिजे असा नियम आहे, वापर वाढला की फरक मागतात. त्यावर व्याज मिळतं, ते पैसे बुडाले नाहीत, पण उन्हाळ्याचं बिल आणि हे एकदम आलं की माणूस हबकतो.

सासूबाईंचं माहेर निफाडजवळ, थंडीत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून ज्याचं नाव पेपरात येतं ते निफाड. त्या सांगतात, पहाटे तांब्याचा बंब पेटायचा, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या घालून, एका बंबात सगळं घर न्हायचं, कढत पाण्यात विसण घालून घालून. मला आधी वाटायचं जुन्या आठवणी आहेत, ऐकून घ्यायच्या. पण हिशोब करताना त्यांचं म्हणणं पटलं. विजेचं पाणी मुळात का महाग? आमच्याकडून जवळच एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे, तिथे कोळसा जळतो, त्याने पाणी उकळतं, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते. या सगळ्यात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकी चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत. मग ती वीज तारांवरून येते आणि आपण तिचं काय करतो, तर परत पाणी तापवतो! बंबात काड्या जळायच्या त्या थेट पाण्याखाली. पंखा, टीव्ही, कॉम्प्युटर यांना वीजच लागते, तिथे इलाज नाही, पण नुसती ऊब पाहिजे असेल तर वीज हा सगळ्यात लांबचा रस्ता आहे.

म्हणजे गॅस गिझर? हिशोबाने स्वस्तच. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते, गिझरमध्ये त्यातली दीडशेच्या आत पाण्याला लागते. तेव्हा आमच्याकडे सिलिंडर आठशेच्या जरा वर होता, म्हणजे युनिटला साडेपाच रुपये, विजेच्या निम्म्याहून कमी. पण आम्ही नाही घेतला, आणि का ते सांगते. आमच्या बाथरूमला बाहेरची भिंत नाही, डक्टकडे उघडणारी वीतभर झडप आहे. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला गुंगी येते आणि तो दार उघडायलाही उठत नाही. थंडीत दरवर्षी अशा बातम्या येतात, लोक वाचतात आणि पान उलटतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवता येत असेल आणि फक्त पाणी पाईपने आत येत असेल तर जरूर घ्या. आतच बसवायला लागणार असेल तर वाचणारे हजार रुपये राहू द्या.

रॉडबद्दलही लोकांच्या डोक्यात असतं की रॉड फार वीज खातो. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला रॉड आणि गिझर सारखीच वीज घेतात, उलट रॉड थेट बादलीत असल्यामुळे पाईपमधलं नुकसान नाही. रॉडचा धोका वेगळा आहे, शॉकचा. पाणी तापलं का म्हणून बोट घालून बघणारी माणसं मी पाहिली आहेत. आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग बोट, आणि घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लाईन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर रॉडच काय, गिझरही लावण्याआधी ते बसवून घ्या.

मग आम्ही केलं काय, तर फार काही नाही. गिझरच्या खालचं झाकण काढून इलेक्ट्रिशियनकडून थर्मोस्टॅट सत्तरवरून पंचावन्नवर आणला. एवढ्यावर लोक चमत्काराची अपेक्षा करतात, तो होत नाही, तुमच्या बादलीला जेवढी उष्णता पाहिजे तेवढी पाहिजेच, फक्त टाकीतून आणि पाईपमधून उडून जाणारी कमी होते, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर कमी धरतो. "दिवसभर चालू ठेवलेला बरा की लागेल तेव्हा लावावा" यावर घरोघरी वाद आहेत, उत्तर सोपं आहे, लागेल तेव्हा. टाकी कितीही चांगली असली तरी ती गार होत राहतेच, ती किती गार होते हा आकडा नव्या गिझरच्या स्टार लेबलवर लिहिलेला असतो, २४ तासांत किती युनिट नुसती उभ्या उभ्या गेली ते. अंघोळी एकापाठोपाठ एक, भांड्यांचं गरम पाणी बंद (बाईंना थंडीचे दोन महिने एका पातेल्यात गॅसवर कोमट करून देते), आणि शॉवर फक्त रविवारी. या शेवटच्या कलमावर जेवढा वाद झाला तेवढा आमच्या लग्नातही झाला नव्हता. गिझर साडेपाचवरून साडेतीनवर आला. महिन्याला ६० युनिट, वरची महागडी ६० युनिट, साडेआठशे रुपये.

उन्हाळ्याचं गणित थोडं वेगळं. पंख्यांचं सांगते, कारण त्याकडे कोणी बघत नाही. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणतात तो तीस वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट फरक, दुसऱ्या स्लॅबमध्ये दोनशे-सव्वादोनशे रुपये. पंखा अडीच-तीन हजारांना येतो. जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदला, म्हणजे आमच्याकडे अर्थातच सासूबाईंचा. त्याला रिमोट आला, तो त्या उशीखाली ठेवतात. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा जुनाच राहू दे, वर्षात दहा दिवस चालणाऱ्या वस्तूवर पैसे घालून काही वाचत नाही. हेच तत्त्व सगळ्याला, वॅट किती ते एकटं बघायचं नाही, वॅट आणि तास मिळून बघायचं. मिक्सर ७५० वॅटचा पण पाच मिनिटं, फ्रिज शंभर-सव्वाशे वॅटचा पण जन्मभर.

फ्रिज जुना असेल तर दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाला तर रबर गेलंय, गार हवा गळतेय. मागे भिंतीला चिकटवून ठेवू नका. आमचा अजून तोच आहे, बदलायला पाहिजे हे कळतं पण चालणारी वस्तू टाकवत नाही.

एसीवर एकच मुद्दा, १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. तो तेवढ्याच जोराने गार करत जातो, फक्त २४ ला थांबायचं ते थांबत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते, म्हणूनच २०२० पासून नवे एसी २४ वर सेट होऊन येतात. २६ वर लावा आणि पंखा बारीक चालू ठेवा. आणि घेताना लेबलवरचं साल वाचा, नुसते स्टार मोजू नका. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले तेव्हा आधीचा पाच स्टारचा एसी चारचा झाला होता. लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात ती १६०० तासांची धरलेली असतात, तुमचा एसी रात्री आठ तास तीन महिने चालत असेल तर ७२० तास, म्हणजे त्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. तीन आणि पाच स्टारच्या किमतीतला फरक किती दिवसांत भरून निघेल हे दुकानदाराच्या आकड्यावर नका ठरवू, आपल्या तासांवर ठरवा.

स्मार्ट मीटर बसले त्यांच्यासाठी अजून एक, जुलै २०२५ पासून महावितरणच्या अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत आहे, कारण दिवसा सोलरची वीज भरपूर असते. वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी. गिझरचं काही होत नाही, कारण सात वाजता घराबाहेर पडणारा माणूस अकराला अंघोळ करणार नाही.

राहिलं सोलर. घराच्या छपरावरच्या पॅनेलना पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, आणि तीन किंवा त्यापुढे कितीही असलं तरी ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चारेक युनिट येतात आणि जागा साधारण शंभर चौरस फूट लागते. इथेही वरच्या युनिटाचा नियम लागू, पॅनेलमधून येणारं युनिट तुमचं सगळ्यात महागडं युनिट आधी खातं, म्हणून ज्याचं बिल चारशे-पाचशे युनिटचं त्याचे पैसे लवकर वसूल होतात आणि ज्याचं नव्वदचं त्याचे फार उशिरा. स्थिर आकार कोणालाच सुटत नाही. फ्लॅटवाल्यांचं म्हणाल तर सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे या कॉमन मीटरसाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात.

आमच्या सोसायटीने त्याची मीटिंग घेतली. गच्चीवर जागा नाही, कारण तिथे बिल्डरने दिलेले पाणी तापवायचे सोलर आहेत, जुने, निम्म्या काचेच्या नळ्या फुटलेले. त्यांचं गरम पाणी चौथ्या-पाचव्या मजल्यावर छान येतं. आम्ही पहिल्यावर, आमच्या नळाला ते पोहोचायला दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं, म्हणून तर गिझर. आता खालचे म्हणतात ते काढा आणि विजेची पॅनेल लावा, सगळ्यांचा मेंटेनन्स कमी होईल. वरचे म्हणतात आमची फुकटची अंघोळ का घालवता. दोन मीटिंगा झाल्या, दुसऱ्या मीटिंगला सासूबाई स्वतः गेल्या होत्या, आणि एक बादली म्हणजे अर्धा युनिट हे त्यांनी पाचव्या मजल्यावरच्या काकांना उभं करून शिकवलं. निघताना हॉलचे दिवेही त्यांनीच बंद केले, सेक्रेटरी अजून मिनिट्स लिहीत होते.